घरबांधणीच्या करारात 'कुशल काम' कसे लिहावे आणि कसे तपासावे

वाघोली, मांजरी, धायरी, सूस, भूगाव अशा पुण्याच्या भोवतालच्या भागांत स्वतःच्या भूखंडावर घर बांधणाऱ्या कुटुंबाचा ठेकेदाराशी होणारा करार बहुधा दोन-तीन पानांचा असतो. त्यात चौरस फुटाचा दर असतो, हप्ते असतात, सिमेंट आणि स्टीलच्या ब्रँडची नावे असतात, आणि शेवटी कुठेतरी 'सर्व काम उत्तम दर्जाचे व कुशल कारागिरीने करून दिले जाईल' असे एक वाक्य असते. पुढे वाद होतो तो बहुतेक वेळा याच वाक्यावरून, कारण मालकाने ते वाचताना एखादा पाहिलेला गुळगुळीत बंगला डोळ्यांसमोर आणलेला असतो, तर ठेकेदाराने आजवर केलेले आणि कुणी नाकारले नाही असे काम. दोघेही प्रामाणिक असतात, पण दोघांची मापे वेगळी असतात. म्हणून सही करण्यापूर्वीच हे वाक्य मोजता येतील अशा अटींमध्ये उतरवले पाहिजे, आणि जे काम पुढच्या थराखाली झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी तपासण्याचा हक्क करारात मिळवला पाहिजे.

प्रथम जबाबदाऱ्या वेगळ्या कराव्यात. घरात दोष निघाला तर तो आराखड्याचा, मालाचा किंवा कारागिरीचा असू शकतो. बीमची खोली किंवा सळईचा व्यास कमी धरला गेला असेल तर तो आरसीसी कन्सल्टंटचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याचा, प्रश्न आहे; विटा कच्च्या निघाल्या तर तो मालाचा प्रश्न आहे; आणि योग्य आराखडा व योग्य माल हाती असताना सळई जागेवरून सरकली, काँक्रीट नीट कोंदले गेले नाही किंवा पाणी मारले गेले नाही, तर ती कारागिरीची उणीव आहे. 'विथ मटेरियल' करारात माल आणि कारागिरी या दोन्हींची जबाबदारी ठेकेदाराकडे येते. फक्त मजुरीच्या, म्हणजे 'लेबर रेट' करारात माल मालकाचा असतो, आणि तिथे 'विटाच खराब होत्या' हे उत्तर हमखास ऐकू येते. त्यासाठी अशा करारात एक अट आवर्जून घालावी: साइटवर आलेला माल वरवर पाहून सदोष दिसत असेल किंवा नकाशातील एखादी गोष्ट प्रत्यक्षात बसत नसेल, तर ठेकेदाराने काम सुरू करण्यापूर्वी तसे लेखी कळवावे, आणि न कळवता तो माल वापरल्यास परिणामांची जबाबदारी त्याच्यावर राहील. व्हॉट्सॲपवरचा संदेश लेखी मानला जाईल, हेही स्पष्ट लिहावे. जाणता गवंडी खराब वीट हातात घेताच ओळखतो, त्यामुळे ही अपेक्षा अवाजवी नाही.

कायद्याची बाजूही करार लिहिण्याआधीच समजून घ्यावी, कारण करारातील शब्दांचे वजन तिथेच ठरते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या संज्ञेत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्यातील सेवेतील 'उणीव' या संज्ञेच्या व्याख्येत कायद्याने राखावयाचा दर्जा येतो, तसेच करारानुसार पार पाडण्याचे मान्य केलेले काम ज्या गुणवत्तेने व रीतीने व्हायला हवे होते, त्यातील कमतरताही येते. म्हणजे करारात दर्जा जितका नेमका लिहिलेला असेल, तितकी उणीव सिद्ध करणे सोपे जाते. बिल्डरकडून सदनिका घेणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांना रेरा कायद्याच्या, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ चे संरक्षण मिळते. त्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने (बिल्डरने) तो ३० दिवसांत, वेगळा खर्च न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्या माणसाला हे ५ वर्षांचे कवच आपोआप मिळत नाही. त्याचे कवच म्हणजे त्याचा करार, म्हणून तो अधिक काळजीने लिहावा लागतो.

करारातील मूळ कलम

खालील मजकूर आपल्या कामानुसार बदलून वापरता येईल. वकील आणि आर्किटेक्ट या दोघांच्या नजरेखालून तो घालावा.

'ठेकेदार सर्व काम मंजूर नकाशे, आरसीसी कन्सल्टंटचे तपशीलवार नकाशे आणि या करारासोबतचे परिशिष्ट यांनुसार, त्या-त्या कामाचा अनुभव असलेल्या कारागिरांकडून करून देईल. परिशिष्टात उल्लेख नसलेल्या बाबींसाठी भारतीय मानक ब्यूरोची त्या कामाला लागू असलेली प्रचलित मानके आधारभूत मानली जातील. झाकले जाणारे कोणतेही काम झाकण्यापूर्वी ठेकेदार किमान ४८ तास आधी मालकास व त्याच्या अभियंत्यास लेखी कळवील. अशी सूचना न देता झाकलेले काम उघडून दाखवण्याचा व पूर्ववत करण्याचा खर्च ठेकेदाराचा राहील. परिशिष्टातील मर्यादेत न बसणारे काम ठेकेदार स्वखर्चाने काढून पुन्हा करील.'

या कलमातील 'परिशिष्ट' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष आकडे परिशिष्टात येतात, आणि आकड्यांशिवाय बाकीचा मजकूर हवेत राहतो. आधारासाठी नावे घेता येतील अशी मानके सर्वज्ञात आहेत: काँक्रीटसाठी आयएस ४५६:२०००, भूकंपरोधक सळईकामासाठी आयएस १३९२०, वीटकामासाठी आयएस २२१२ आणि आयएस १९०५, प्लास्टरसाठी आयएस १६६१, वाळवीप्रतिबंधासाठी आयएस ६३१३. ही सर्व मानके ठेकेदाराने तोंडपाठ केलेली असावीत अशी कुणाची अपेक्षा नसते. मतभेद झाल्यास कोणते पुस्तक उघडायचे, एवढे मात्र दोघांनी आधी ठरवलेले असते.

आरसीसीचे काम: इथे सवलत देऊ नये

रंग पुन्हा देता येतो, फरशी उखडता येते, पण कॉलम बदलता येत नाही. म्हणून तपासणीचा बहुतांश वेळ आणि परिशिष्टाची बहुतांश जागा आरसीसीला द्यावी.

पुण्याच्या परिसरात खणताना वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असा क्रम अनेक ठिकाणी लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया तिच्यात टेकता कामा नये. नकाशात ठरवलेला कठीण थर लागला आहे याची खातरजमा आरसीसी कन्सल्टंटने प्रत्यक्ष खड्ड्यात पाहून करावी आणि तशी नोंद साइटवरील वहीत सहीसह करावी. ही नोंद होईपर्यंत पीसीसी, म्हणजे पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर, टाकायचा नाही, असे परिशिष्टात लिहावे. जोत्याच्या भरावाचीही अशीच काळजी घ्यावी. खणून काढलेली काळी माती पुन्हा भरावात टाकली जात असेल तर ते थांबवावे. मुरूम थराथराने, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुम्मस करून भरावा. भराव नीट बसवला नाही तर वर्ष-दोन वर्षांत तळमजल्याची फरशी खचते, आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

सळईची तपासणी काँक्रीट भरण्याच्या आदल्या दिवशी, सूर्यप्रकाशात करावी. सळयांचा व्यास, त्यांची संख्या आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगांमधील अंतर नकाशाशी ताडून पाहावे. रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात गेलेली असावीत. ९० अंशांत वळवलेली रिंग भूकंपाच्या धक्क्यात उघडते, आणि पुणे भूकंपाच्या दृष्टीने अगदी निर्धास्त जागा नाही. सर्व सळयांचे जोड एकाच पातळीवर आलेले नसावेत. कव्हर, म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांमधील अंतर, नकाशात दिलेले असते. ते सर्वसाधारणपणे पायाच्या फुटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४० मिलिमीटर आणि घराच्या आतील स्लॅबला २० मिलिमीटर असते. आयएस ४५६ नुसार हे अंतर ठरल्यापेक्षा १० मिलिमीटरपर्यंत जास्त चालते, कमी मात्र चालत नाही. सळईखाली खडी किंवा फरशीचे तुकडे सरकवून कव्हर साधण्याची पद्धत अनेक साइटवर दिसते. तुकडा घसरला की सळई थेट शटरिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्यावर, टेकते, आणि काही वर्षांनी छताच्या पोपड्यांतून गंजलेली सळई डोकावते. तयार कव्हर ब्लॉक वापरणे बंधनकारक करावे. त्यांचा खर्च एकूण कामाच्या मानाने नगण्य असतो.

काँक्रीट साइटवर मिक्सरमध्ये होणार की आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लँटमधून येणार, हे करारात लिहावे. आरएमसी घेतल्यास प्रत्येक गाडीचे चलन पाहावे; त्यावर ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ असते. काँक्रीट घट्ट होणे लांबवणारे रसायन घातलेले नसेल, तर गाडी भरल्यापासून २ तासांच्या आत ती रिकामी व्हावी असा नियम आहे, आणि हडपसर किंवा चांदणी चौकातील संध्याकाळच्या कोंडीचा विचार करता स्लॅबची वेळ सकाळची ठेवणे शहाणपणाचे ठरते. उशिरा आलेले घट्ट काँक्रीट पंपातून जावे म्हणून त्यात पाणी ओतणे ही कारागिरीतील गंभीर चूक आहे, कारण जादा पाण्याने ताकद घटते. ती करारात नावानिशी निषिद्ध करावी. काँक्रीट कोंदणारे व्हायब्रेटर दोन असावेत, एक चालू आणि एक राखीव. काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये. शटरिंग काढल्यावर कॉलमच्या तळाशी खडी उघडी पडलेली दिसली, तर तिच्यावर लगेच सिमेंटचा हात फिरवू देऊ नये. आधी फोटो काढावेत आणि दुरुस्तीची पद्धत आरसीसी कन्सल्टंटकडून लेखी घ्यावी.

प्रत्येक स्लॅबच्या वेळी ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब (ठोकळे) भरून घ्यावेत. आयएस ४५६ नुसार १६ ते ३० घनमीटर काँक्रीटला ३ नमुने लागतात आणि एका नमुन्यात ३ क्यूब असतात. साधारण बंगल्याचा एक स्लॅब बहुधा याच टप्प्यात येतो. चाचणी २८ दिवसांनी, ठेकेदाराने निवडलेल्या नव्हे तर दोघांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेत व्हावी आणि क्यूबवर तारीख भरतानाच कोरावी.

पाणी मारण्याबाबत पुण्यात सर्वाधिक हेळसांड होते, आणि मार्च ते मेच्या उन्हात तिची किंमत मोठी असते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पृष्ठभाग सतत ओला राहिला पाहिजे. कोरड्या उष्ण हवेत हीच मुदत अनुक्रमे १० आणि १४ दिवस ठेवण्याची शिफारस मानकात आहे. 'सतत' या शब्दाचा अर्थ सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणे असा होत नाही. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे आणि कॉलमला गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवावे. टँकरचा खर्च कुणाचा आणि पाणी मारणारा माणूस कुणाचा, हे करारात लिहिलेले नसेल तर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात आणि स्लॅब कोरडा राहतो. टेकू काढण्याची मुदतही लिहावी: साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, बीमखालचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. मिश्र सिमेंट असल्यास आरसीसी कन्सल्टंट ही मुदत वाढवू शकतो. सेंटरिंगचे सामान दुसऱ्या साइटवर हवे आहे, हे टेकू लवकर काढण्याचे कारण होऊ शकत नाही.

भिंती, प्लास्टर आणि फरशी

भिंतीच्या सरळपणाला मानकात आकडा आहे: एका मजल्यात ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त कलंड नसावी. ओळंबा लावून हे मालकालाही तपासता येते. विटा लावण्यापूर्वी भिजवलेल्या असाव्यात, सांधे साधारण १० मिलिमीटरचे आणि पूर्ण भरलेले असावेत, आणि एका दिवसात एकच भिंत दीड मीटरपेक्षा उंच चढवू नये. काँक्रीट आणि वीटकाम जिथे मिळते तिथे प्लास्टरपूर्वी चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी, लावणे परिशिष्टात लिहावे; हे न केल्यास कॉलमच्या कडेने उभी चीर हमखास येते. प्लास्टरसाठी 'दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, आणि खोल्यांचे कोपरे गुण्यात (काटकोनात) असावेत' एवढी अट पुरते. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूत, भुकटी जास्त असेल तर प्लास्टरला केसासारख्या चिरा पडतात, म्हणून प्लास्टरसाठी धुतलेली आणि चाळलेली वाळू मागावी.

फरशीखाली पोकळी राहिली आहे का, हे नाण्याने किंवा लाकडी दांड्याने ठोकून कळते. किती पोकळी चालेल यावर वाद नको म्हणून 'कडेने किंवा कोपऱ्यात पोकळ वाजणारी प्रत्येक फरशी बदलली जाईल' असे लिहावे. शेजारच्या दोन फरशांच्या पातळीत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, ही अट कडेने सरळ कापलेल्या फरशांना वाजवी आहे. हाताने घडवलेल्या शहाबादी फरशीला ती लावणे कारागिरावर अन्याय ठरेल.

नळ आणि वीज यांचा नियम एकच आहे. भिंतीतील पाइप दाबाने तपासल्याशिवाय प्लास्टर करायचे नाही, आणि वायरिंगची इन्सुलेशन व अर्थिंग चाचणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराने लेखी दिल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. गाडलेल्या पाइपांचे आणि कंड्युटचे, भिंतीला टेप लावून काढलेले फोटो पुढे भिंतीत खिळा ठोकताना फार उपयोगी पडतात.

पाण्याची परीक्षा

गच्ची आणि बाथरूम यांच्या वॉटरप्रूफिंगवर 'दहा वर्षांची गॅरंटी' असा छापील कागद दिला जातो. तो घ्यावा, पण त्याच्यावर विसंबू नये. पाणी साठवून घेतलेली परीक्षा त्याहून मोलाची असते. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्यापूर्वी, ४८ तास पाणी साठवून खालचे छत तपासावे. गच्चीवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा पूर्ण झाल्यावर किमान ७२ तास पाणी ठेवावे. गच्चीचा उतार पावसाळी पाइपांकडे १०० ला १ पेक्षा कमी नसावा, आणि पॅरापेट व स्लॅब यांच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारलेला असावा, कारण गळती बहुतेक वेळा सपाट भागातून न होता त्या कोपऱ्यातून आणि पाइपांच्या भोवतीने होते. या परीक्षांमध्ये उत्तीर्ण होणे ही हप्त्याची अट ठेवावी. वॉटरप्रूफिंगचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, इतर कामांपेक्षा वेगळा आणि लांब असावा. त्यात किमान तीन पूर्ण पावसाळे यावेत, असे माझे ठाम मत आहे. घर फेब्रुवारीत ताब्यात आले आणि कालावधी वर्षाचा असला, तर गच्चीला एकच पावसाळा दिसतो, आणि तो कमी पावसाचाही असू शकतो.

पैसे आणि दोषांची दुरुस्ती

हप्ते तारखेला न बांधता तपासणीत मंजूर झालेल्या टप्प्याला बांधावेत. 'पहिला स्लॅब भरल्यावर' याऐवजी 'पहिल्या स्लॅबची मुदत पूर्ण होऊन टेकू काढल्यावर आणि आरसीसी कन्सल्टंटने पाहणी केल्यावर' असे लिहिले, की पाणी मारण्याकडे लक्ष देण्यात ठेकेदाराचेही हित येते. प्रत्येक बिलातून ५ टक्के रक्कम अनामत म्हणून राखून ठेवणे ही रूढ पद्धत आहे. तिचा अर्धा भाग ताब्याच्या वेळी आणि उरलेला दोषदायित्व कालावधी संपल्यावर द्यावा. मात्र मालकानेही आपली बाजू पाळली पाहिजे. मंजूर टप्प्याचे पैसे किती दिवसांत दिले जातील हे लिहावे आणि त्याप्रमाणे द्यावेत. काम चालू असताना केलेल्या बदलांचा दर व वाढीव मुदत आधी लेखी ठरवावी, आणि रंगातील एका डागासाठी पूर्ण बिल अडवून ठेवू नये. वेळेवर पैसे न मिळालेला ठेकेदार चांगले मिस्त्री टिकवू शकत नाही, आणि त्याचा परिणाम शेवटी आपल्याच भिंतींवर दिसतो.

ताबा घेताना आर्किटेक्टसह खोलीनिहाय दोषयादी करावी. चिरांच्या बाबतीत घाबरून किंवा दुर्लक्ष करून चालत नाही. प्लास्टरवरील जाळीसारख्या बारीक चिरा बहुधा आकसण्यामुळे पडतात आणि त्या दुरुस्त होणाऱ्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि रुंदावत चाललेली चीर, बीम किंवा कॉलममधील चीर आणि सळईच्या रेषेत उमटलेला गंजाचा डाग ही मात्र आरसीसी कन्सल्टंटला त्वरित बोलावण्याची कारणे आहेत. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली, की ती वाढते आहे का हे महिन्याभरात कळते.

दोष निघाल्यास आधी ठेकेदाराला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी, आणि त्यासाठी करारात १५ दिवसांसारखी मुदत असावी. मुदतीत काम न झाल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च अनामतीतून वळता करण्याचा हक्क करारातच राखून ठेवावा. दुसऱ्या माणसाने हात लावण्यापूर्वी तटस्थ अभियंत्याचा फोटोंसह अहवाल घेणे अत्यावश्यक आहे, कारण दुरुस्तीनंतर मूळ दोषाचा पुरावा उरत नाही. तरीही तोडगा निघाला नाही, तर मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे आणि त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघतो' या आश्वासनांवर ती संपू देऊ नये.

ताब्याच्या दिवशी किल्ल्यांसोबत क्यूब चाचणीचे अहवाल, सिमेंट व स्टीलची बिले, आरएमसीची चलने, प्रत्यक्ष झालेल्या कामानुसार सुधारलेले नळ-वीज नकाशे, वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र, जोते तपासणीचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि साइटवरील नोंदवही अशी पूर्ण फाइल सहीसह ताब्यात घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत अनामतीचा पहिला भाग देऊ नये.